चौकटीबाहेरचा हात

फोटो उघडल्यावर सुदेशला आधी त्याचं वजन दिसलं, आणि मग त्यातली बायको. वजन बघायची त्याला सवयच होती. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत तो वेबसाइटवर चढवायच्या फोटोंचं काम करायचा. जड फोटो हलके करायचे, त्यांना धड नावं द्यायची, प्रत्येकात काय दिसतंय ते मागे एका ओळीत लिहून ठेवायचं, म्हणजे कुणी काही शोधायला बसलं की आपल्या गिऱ्हाइकाचा फोटो इतरांच्या आधी वर यावा. हा फोटो कोलशेतला खाडीजवळ असलेल्या एका मासळीच्या खानावळीचा होता. बाकीच्या फोटोंसारखाच अगडबंब, कॅमेऱ्याने दिलेला आकडा हेच त्याचं नाव. स्टीलचं ताट, ताटात तळलेली बोय मासळी, मागे निळा पडदा, आणि ताटापलीकडे मान मागे टाकून हसणारी एक बाई. बाईच्या आधी त्याने तिचा कुर्ता ओळखला. मोरपंखी, गळ्याशी शिवण उसवली म्हणून सेफ्टीपिन लावलेला. ती पिन कधीतरी एका सकाळी वर्षालीने त्याच्यादेखतच लावली होती. मग त्याने पुन्हा चेहरा पाहिला. डोळे मिटलेले, एक हात छातीवर, तोंड उघडं, वरच्या हिरड्या दिसतायत. वर्षाली हिरड्या दिसतात म्हणून तोंडावर हात ठेवून हसायची. लग्नाच्या अल्बमात, माथेरानच्या फोटोंत, सगळीकडे तो हात होता. त्या हातामागे असं काही असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या बायकोला ओळखायला आपल्याला क्षणभर वेळ लागला, ही गोष्ट त्याला पुढे कितीतरी दिवस सलत राहिली. मग त्याला फोटोच्या कोपऱ्यातला दुसरा हात दिसला. पुरुषाचा. चौकड्याच्या शर्टाची बाही, मनगटाला नारिंगी पट्ट्याचं ते पावलं मोजणारं घड्याळ, आणि चिमटीत काटा काढलेला माशाचा पांढरा तुकडा. हात पुसट होता, कॅमेऱ्याने सगळी नजर बाईवरच रोखली होती. पण तो तुकडा तिच्या ताटात ठेवला जातोय हे अगदी स्पष्ट होतं.

"कोलशेतची साइट आज जाईल ना रे?" मागून मयूरने विचारलं. मयूर कंपनीचा मालक, सुदेशपेक्षा वयाने बराच लहान, पण कामाच्या बाबतीत चोख.

सुदेशने स्क्रीनवरची खिडकी खाली केली. "जाईल. फोटो फार जड आहेत."

"ते माणसांचे फोटो आहेत ना, जेवतानाचे, ते नीट कर. नुसत्या माशाचे फोटो सगळेच टाकतात. माणूस खुश दिसला की लोक क्लिक करतात. आणि वर्णन मस्त लिही. गूगलला डोळे नाहीत, तू सांगशील तेच त्याला दिसणार."

मयूर गेल्यावर सुदेशने फोटोची माहिती उघडली. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला ते लिहिलेलं असतं. फोटो हलका करताना सुदेश ते नेहमी पुसून टाकायचा, न बघता. आज त्याने बघितलं. मागच्या महिन्यातला मंगळवार. त्याला तो दिवस आठवला कारण त्या दिवशी तो तापाने घरी पडून होता. वर्षाली निघताना म्हणाली होती, डॉक्टर आज सुट्टी नाही देणार, दुपारी फोन करते. ती नौपाड्यात दाताच्या दवाखान्यात कामाला होती. आणि दुपारी तिचा फोन आलाही होता. जेवलास का, गोळी घेतलीस का. आवाज कसा हलका, हसून दमल्यासारखा होता, आणि तापातही त्याला बरं वाटलं होतं की ही आपल्याशी बोलताना अशी खुशीत आहे. फोटोवरची वेळ त्या फोनच्या थोडीशीच आधीची होती. म्हणजे ते हसू उरलं होतं. दुसऱ्या कुणासाठी निघालेलं हसू ताटात उरावं आणि ते फोनवरून आपल्याला वाढलं जावं. तो पाणी प्यायला, खाली गेला, टपरीशी उभा राहिला, चहा न घेताच वर आला. फोटो तसाच होता.

त्याने वर्णन लिहायला घेतलं. ही ओळ खरं तर दृष्टी नसलेल्या माणसांसाठी असते, त्यांचा फोन ती त्यांना वाचून दाखवतो. आजवर त्याने शेकडो वेळा 'आनंदी ग्राहक' असं लिहून विषय संपवला होता. आज त्याने लिहिलं, कोलशेत येथे मासे खाताना आनंदी ग्राहक. खोडलं. लिहिलं, हसणाऱ्या स्त्रीच्या ताटात पुरुषाचा हात मासा ठेवताना. ते वाचल्यावर मात्र त्याला फोटो पहिल्यांदाच खरा दिसला. तोपर्यंत नुसती शंका होती. आता वाक्य झालं होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. त्याने तेही खोडलं आणि फोटो कापायला घेतला. आधी वर्षालीला कापलं. ताट उरलं आणि हात उरला, पण तो आता रिकाम्या जागेला भरवत होता, आणि ते जास्तच वाईट दिसत होतं. मग हात कापला. आता वर्षाली एकटीच हसत होती, समोर कुणीच नसताना, आणि तरी समोर कुणीतरी आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळतच होतं. पुसून जाणारा माणूस नव्हता तो. शेवटी सुदेशने हाताचा फक्त घड्याळापर्यंतचा भाग कापला, बोटं तेवढी ठेवली, फोटो हलका केला, कोलशेत-खाडी-ताजी-बोय असं नाव दिलं आणि चढवून दिला. आपण हे का करतोय ते त्याला सांगता आलं नसतं. एक मात्र खरं, त्या दिवशी त्याने काम फार मन लावून केलं. दुखऱ्या दाताला जीभ जशी सारखी लागते तसं.

घर डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. घरात दोघंच. संध्याकाळी वर्षाली आली, पर्स खुंटीला लावली, आल्याआल्या कुकर चढवला. तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या बोटांकडे, मानेकडे, ती मीठ चिमटीत घ्यायची त्याकडे. विचारणं सोपं होतं. अगं, तू कोलशेतला गेलेलीस का कधी? एवढंच. पण विचारलं की ती काहीतरी सांगणार, आणि ते जे काही असेल त्यानंतर आजचं हे स्वयंपाकघर असंच राहणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने तिची ओढणी नाकाशी नेली. साबणाचा आणि दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचा वास. ती बाहेर आली तेव्हा ओढणी त्याच्या हातातच होती.

"काय रे?"

"काही नाही. धुवायला टाकतोय."

"आजच घातलीय ती," वर्षाली म्हणाली आणि ओढणी त्याच्या हातातून घेऊन तिने खुर्चीवर टाकली.

रात्री ती झोपल्यावर त्याला वाटायचं, आपण हिला कधी हसवलंय? लग्नाला बारा वर्षं झाली. तो वाईट नवरा नव्हता. भाजी आणायचा, भांडी घासायचा, तिच्या आईच्या ऑपरेशनला आठवडाभर दवाखान्यात झोपला होता. पण त्याला गोष्ट सांगता यायची नाही. सांगायला लागला की मधलं काहीतरी विसरायचा, मागे जाऊन दुरुस्त करायचा, आणि शेवटाला येईपर्यंत वर्षाली समजून हसायची, तोंडावर हात ठेवून. हा गुण त्याला वडलांकडून आला होता असं तो धरून चालला होता. बाबा कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत होते. तीन पाळ्या, नखांत कायम निळं किंवा जांभळं काहीतरी, घरी आले की जेवण आणि झोप. सुदेशचं बालपण 'हळू बोल, बाबा झोपलेत' या वाक्याखाली गेलं. ते बंद दार, दारावर आईने लावलेलं जुनं कॅलेंडर, आणि त्यामागे झोपलेला एक माणूस. आई गेल्यावर ते दार उघडेल असं त्याला वाटलं होतं. पण दीड वर्षातच बाबांनी जेवताना शांतपणे सांगितलं की कल्याणच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर विमलाबाई म्हणून एक ओळखीच्या झाल्यात, बालवाडीच्या शिक्षिका होत्या, विधवा आहेत, आणि मी यापुढे शहाडला त्यांच्याकडे राहीन म्हणतो. सुदेश म्हणाला होता, मग इथे परत यायचं नाही. बाबांनी हात धुतले, कपडे पिशवीत भरले आणि गेले. त्यालाही दोन वर्षं होऊन गेली. घरात त्यांचं नाव निघत नसे. वर्षालीने सुरुवातीला एकदोनदा काढलं, तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला, मग तिनेही सोडून दिलं.

फोटो मात्र वर चढू लागला. कोलशेतचे मासे असं कुणी शोधलं की आधी दहाव्या ओळीत, मग चौथ्या, आणि महिना भरायच्या आत अगदी पहिला. मयूरने सगळ्यांना दाखवला. "बघा, एक फोटो धड केला की काय होतं. आणि ही बाई बघा ना, हिला बघून कुणालाही भूक लागेल." सगळे हसले. सुदेशही हसला आणि त्याला मयूरच्या तोंडात मारावीशी वाटली. आता हा आणखी एक नवाच त्रास सुरू झाला. रोज किती लोकांनी फोटो पाहिला, कुठून पाहिला, हे त्याला त्याच्या स्क्रीनवर दिसायचं. घोडबंदर, मुलुंड, भिवंडी. कोण ही माणसं? जेवायच्या आधी मोबाइल काढून त्याच्या बायकोच्या हिरड्या बघणारी. ज्या हसण्याला आपण मुकलो ते त्याने स्वतःच्या हाताने चौकाचौकात नेऊन लावलं होतं. दोनदा त्याने फोटोचं नाव बदलून पुन्हा नुसता आकडा करायचं ठरवलं. वर्णन काढून टाकलं की फोटो आपोआप बुडाला असता, कुणाला कळलंही नसतं. दोन्ही वेळा त्याचा हात थांबला. फोटो बुडाला असता तर त्याला तरी तो रोज कुठे दिसला असता? घरात ती बाई राहत नव्हती.

अखेर एका दुपारी तो रिक्षा करून कोलशेतला गेला. साइटसाठी नवे फोटो लागतील का विचारायला, असं मयूरला सांगून. खानावळ म्हणजे पत्र्याची शेड होती, खाडीच्या बाजूला निळे पडदे सोडलेले. मालक नामा, पन्नाशीचा कोळी, गळ्यात सोन्याची जाड साखळी, भलताच आनंदी. सुदेशशी तो आधी फोनवर बोलला होता, समोरासमोर भेट आज झाली.

"तुमीच का ते फोटूवाले? बसा, बसा. तुमच्या फोटूवर लोका येतान आता. आयतवारी जागा नसते बसाला."

सुदेश बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मागे तोच पडदा आहे. हेच टेबल असेल, किंवा शेजारचं. त्याने मोबाइल काढला, आपला आवाज जमेल तेवढा कामाचा ठेवला. "या बाईंची परवानगी घेतलीत का? चेहरा दिसत असला की आम्हाला विचारावं लागतं."

नामाने फोन डोळ्यांपासून लांब धरला. "परवानगी कसली? घरचीच हाय ती. वर्षाली. दातांचे दवाखान्यान कामाला हाय, ठान्यान. माझे पोरीनी काढला हा फोटू. चांगला हाय ना?"

"आणि समोर कोण बसलंय?"

"तिचा सासरा. तानाजीमामा."

सुदेशने फोन परत घेतला. नामा बोलतच होता. "आमचे बाजूला रंगाची कंपनी होती ना, तिथे होता तो. माझा बापूस धंदा करायचा तवापास्नं येतो. आता शहाडला रातो. महिन्यान एकदोनदा येतो, सुनेला दुपारची बोलवून घेतो. बोयचा काटा तिला काढाला जमत नाय, म्हनून तो काढून देतो. आनि गोष्टी काय सांगतो. तुमी आयकाल तर हसून हसून मराल."

"मुलगा नाही का त्यांना?" सुदेशने विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण विचारला.

"हाय ना. कंप्युटरमधी मोठे कामावर हाय. मामा सांगतो, त्याला उसंत नाय." नामा आत वळला. "थांबा, खाऊन जा. फोटूवाल्यांना असाच कसा धाडू?"

ताट आलं. सुदेशने बोय मोडली आणि काटे काढू लागला. त्याला हलकं वाटत होतं, तापानंतर घाम सुटावा तसं. महिनाभर ज्या माणसाला त्याने मनात उभा केला होता, तिशीचा, व्यायाम करणारा, नारिंगी पट्टा लावून येऊरच्या डोंगरावर पळायला जाणारा, तो माणूस नव्हताच. वर्षाली त्याचीच होती. हे सुख त्याला दोन घास पुरलं. तिसऱ्या घासाला दुसरंच काहीतरी वर आलं आणि ते आधीच्यापेक्षा जुनं होतं, जास्त खोलचं. बाबा गोष्टी सांगतात. कुणाला? हसवतात. कधीपासून? बंद दारामागचा तो माणूस, ज्याने शाळेच्या बक्षीससमारंभाला येऊन शेवटच्या रांगेत झोप काढली होती, जो मुलाच्या लग्नातही पाहुण्यांशी 'या' आणि 'जेवून घ्या' यापलीकडे बोलला नाही, तो माणूस इथे बसून सुनेच्या ताटात काटा काढलेला मासा ठेवतो. घरी मासे आणले की काटे आई काढायची. आधी सुदेशचे, मग स्वतःचं जेवण सगळ्यात शेवटी, डोकी आणि शेपट्या. बाबा आपलं आपण खाऊन उठायचे. आईला त्यांनी कधी एक तुकडा दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने फार शोधलं. खाडीवरून ओल्या चिखलाचा वास येत होता, पडदा फुगत होता आणि पडत होता. आईच्या वतीने त्याला वर्षालीचा हेवा वाटला, मग स्वतःच्या वतीने वाटला, आणि हा हेवा पहिल्या हेव्यासारखा कुणावर चिडून संपवता येईना. बायकोने दुसऱ्या पुरुषाकडे बघितलं तर काय करायचं हे निदान लोकांना माहीत असतं. बायकोला आपला बाप मिळाला तर काय करतात? नामा पैसे घेईना. बाहेर आल्यावर सुदेश बराच वेळ रिक्षा न बोलावता उभा राहिला. पलीकडे नव्या टॉवरांच्या काचा उन्हात चमकत होत्या. याच रस्त्याने बाबा पाळीवर येत असतील, आणि पाळी सुटल्यावर, घरी येऊन झोपण्याआधी, नामाच्या बापाकडे बसत असतील, बोलत असतील, हसत असतील. घरी आपल्याला जो मिळाला तो उरलेला माणूस होता.

रविवारी सकाळी वर्षाली मेथी निवडत बसली होती. त्याने तिच्यासमोर फोन ठेवला. तिने ओल्या बोटाने तो आपल्याकडे वळवला आणि खूप वेळ बघितलं.

"शी, किती वाईट हसतेय मी," ती म्हणाली. मग मान वर केली. "हा कुठून आला तुझ्याकडे?"

"त्यांची साइट आमच्याकडे आहे. मीच चढवला."

"कधी?"

"महिना होऊन गेला."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "आणि तू मला विचारलं नाहीस."

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगू दिलं असतंस? नाव काढलं की बाल्कनीत जाऊन उभा राहतोस." ती थांबली. काहीतरी तिच्या लक्षात येत होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर येताना त्याला दिसत होतं. "इथे तर फक्त बोटं दिसतायत. तुला कोण वाटलं?"

त्याने फोन उलटा करून ठेवला.

"महिनाभर?" वर्षाली हळूच म्हणाली. "महिनाभर तू माझ्या शेजारी झोपत होतास आणि तुला असं वाटत होतं?" ती उठली, मेथीची टोपली आत घेऊन गेली, नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"मी तापाने पडलेलो त्या दिवशीचा आहे तो फोटो."

"हो. सांगावंसं वाटलं होतं. त्यांनीच म्हटलं, आजारी आहे तर जा घरी लवकर. मी गेले नाही. मला तिथे बसायचं होतं." तिने नळ बंद केला. "तुझ्या घरात किती शांत असतं सुदेश. मला कधीकधी कानात दडे बसल्यासारखं होतं."

त्याला हे लागलं, पण ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "आईला कधी काटा काढून दिला नाही त्यांनी."

"माहितेय. त्यांनीच सांगितलं मला. म्हणाले, तिला कधी दिला नाही. आता हाताला जमायला लागलं तर ती नाही."

सुदेशने विचारलं, "काय सांगतात ते? एवढं हसण्यासारखं?"

"कंपनीतलं सांगतात. गावचं सांगतात. बरेचदा तुझंच सांगतात."

"माझं काय?"

वर्षालीने त्याच्याकडे वळून बघितलं. राग अजून गेला नव्हता. "ते मी कशाला सांगू? ऐकायचं असेल तर जा त्यांच्याकडे."

पुढच्या रविवारी दोघं शहाडला गेले. त्या भांडणानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, तू येशील का बरोबर, आणि ती म्हणाली, येईन. विमलाबाईंचं घर तळमजल्यावर होतं, दारात तुळस आणि भिंतीवर मुलांनी रंगवलेली चित्रं चिकटवलेली. बारीक अंगाची, चष्मेवाली बाई. सुदेशने मनात जी धरली होती तिच्याशी तिचं काहीच जुळेना. त्या म्हणाल्या, "या." आणि बाजूला झाल्या. बाबा खुर्चीतून उठले. चौकड्याचा शर्ट, मनगटाला तो नारिंगी पट्टा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, विमलाबाईंनी घेऊन दिलं, असं त्यांनी सुदेशची नजर तिथे गेल्यावर लगेच सांगितलं, एखाद्याने खुलासा द्यावा तसं. मग "बसा," म्हणाले. मग "बस."

बोलणं जमेना. काम कसं चाललंय. बरं चाललंय. पाणी येतं का तिसऱ्या मजल्यावर. येतं. बाबा वर्षालीकडे वळले की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा, सुदेशकडे वळले की पुन्हा पाळीवरून आल्यासारखे व्हायचे. त्यांनी शेजारच्या कुणा रिटायर झालेल्या टीसीची गोष्ट काढली, जो अजून बसमध्ये चढल्यावर लोकांची तिकिटं बघतो. त्यांनी ती खरंच छान सांगितली. मधलं काही विसरले नाहीत, कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. वर्षाली हसली. तिचा हात तोंडावर गेला. सुदेशने तो हात पाहिला आणि त्याला कळलं की इथे तो फक्त आपल्यामुळे वर गेलाय. आपण नसतो तर या खोलीत ती फोटोतल्यासारखी हसली असती. तो उठून जायच्या बेतात होता. दोन पावलांवर दार होतं, उघडंच.

आतून विमलाबाईंनी विचारलं, "सुदेश साखर किती घेतो?"

वर्षालीने सांगायला तोंड उघडलं. त्याने साखर सोडून वर्ष झालं होतं, आणि या खोलीत ते तिलाच माहीत होतं. पण तिच्याआधी बाबा बोलले.

"भरपूर घाल. गोडखाऊ आहे तो. मी पाळीवरून आलो की चहा पीत बसायचो, तर हा दाराच्या फटीतून बोटं घालायचा. चार वर्षांचा असेल. माझ्या कपातला तळाचा घोट पाहिजे असायचा त्याला. तळाशी साखर असते ना. याची आई ओरडायची, दात किडवाल पोराचे. मग मी दार लावून घ्यायचो आणि कप तिरका करून पाजायचो. याचा आवाज आला की बाहेरून ती म्हणायची, हळू बोल, बाबा झोपलेत. आणि हा आत माझ्या मांडीवर."

बाबा सांगताना सुदेशकडे बघत नव्हते, आपल्या गुडघ्याकडे बघत होते. सुदेशने आठवायचा प्रयत्न केला. दार आठवलं, कॅलेंडर आठवलं, पण ते बाहेरून. आतलं काहीच आठवेना. मांडी नाही, कप नाही, साखर नाही. त्याने वर्षालीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं की तिला ही गोष्ट माहीत आहे, तिने ती आधी ऐकली आहे, त्या निळ्या पडद्यासमोर बसून कधीतरी ती या गोष्टीवरही हसली असेल. त्याची गोष्ट त्याच्याआधी तिला मिळाली होती. पण ती त्याच्याकडे बघत होती, आणि काही न बोलता तिने तोंड मिटलं, साखरेचं सांगितलं नाही.

विमलाबाईंनी चहा आणून दिला. सुदेशने घोट घेतला. जिभेला टोचेल इतका गोड होता.

"जास्त झाली का?" विमलाबाईंनी विचारलं.

"नाही," सुदेश म्हणाला. "बरोबर आहे."

बाबांनी मान वर केली. सुदेश चहा पीत राहिला, सावकाश, आणि तळाशी आला तेव्हा त्याने कप तिरका केला.